वासाची हजेरी

वर्षभराच्या वर रोज संध्याकाळी एक गडी माझ्या दारात येऊन उभा राहायचा, माझ्या तोंडासमोर तोंड आणायचा आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडायचा. मी तो हुंगायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, जा." असं सरळ लिहिलं की बाईचं डोकं फिरलंय असंच कुणालाही वाटेल. पण चेन्नईच्या सौकारपेठेतल्या आमच्या त्या जिन्यात ह्याचं कुणाला काही म्हणजे काही वाटत नसे. शेजारची मारवाडीण तर भाजी निवडता निवडता विचारायची, "आज कैसा है?" आणि मी हातानंच 'काही नाही' म्हणून सांगायचे.

त्या गड्याचं नाव जालिंदर. मी त्यांना जालिंदर भाऊजी म्हणायचे. नात्यानं कुणी नव्हेत. आमच्या ह्यांच्या शेजारच्या गावचे, खानापूर तालुक्यातले. आमच्याकडचे लोक गलाईच्या धंद्यातले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आणि सोनाराला परत द्यायचं. देशात जिथं सोनारांची पेठ आहे तिथल्या एखाद्या बोळात भट्टी पेटवून आमचा माणूस बसलेला सापडतोच. मी मराठीची एम. ए., कॉलेजात शिकवायची स्वप्नं बघणारी. लग्न झालं आणि चेन्नईत येऊन तेजाबाच्या वासात स्वयंपाक करायला लागले. ह्या सगळ्यात नाक तेवढं तयार झालं. त्याच नाकावर एका माणसाचा संसार टांगला जाईल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

भाऊजींची भट्टी तळमजल्यावर, बिऱ्हाड गच्चीवरच्या खोलीत. बायको रेखा आणि लेक स्वरा. दिवसभर भट्टीपुढं भाजून निघालेला माणूस संध्याकाळी कुठंतरी गारवा शोधणारच, हे आमच्या पुरुषमंडळींचं आवडतं तत्त्वज्ञान. भाऊजींनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. दारूचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत, 'ती' म्हणायचे. "ती बोलावती वहिनी, मी काय करू?" रेखा आतून ओरडायची, "मग तिच्याशीच लगीन लावायचं होतं!" पिऊन ते कुणाला शिवी द्यायचे नाहीत की मारायचे नाहीत. जिन्यात पायरीवर बसून राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जागा देण्यासाठी अंग चोरायचे. दारुडा म्हणून इतका नम्र माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण नम्रपणानं संसार होत नाही. एकदा स्वराला शिकवणीवरून आणायला गेले, वाटेत 'ती'ची आठवण झाली, म्हणून लेकीला रसाच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, "आलोच" म्हणाले आणि गेले ते तिला विसरून एकटेच घरी आले. रेखानं विचारलं, "स्वरा?" तर भाऊजी मागं वळून बघायला लागले, जणू ती पाठोपाठ जिना चढतेय. तासाभरानं रसवाला अण्णा पोरीला कडेवर घेऊन दारात. पोर रडत नव्हती, रसाचा ग्लास हातात धरून गप्प होती. दुसऱ्या दिवशी रेखा लेकीला घेऊन विट्याला माहेरी निघून गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, एवढी पोर विसरला."

तेव्हा आमच्या ह्यांनी आणि आणखी दोघा गलाईवाल्यांनी भाऊजींना व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. तिथून परत आले तेव्हा चिपाड झाले होते. शर्टात माणूस आहे की नुसता हँगर, कळेना. रेखाला फोन लावून दिला. ती त्यांच्याशी बोललीच नाही, मला म्हणाली, "त्यांच्या शब्दावर माझा भरवसा नाही वहिनी, तुमच्या नाकावर आहे. पुढच्या चैत्रातल्या जत्रेपर्यंत रोज त्यांचा वास घ्या आणि मला कळवा. एक दिवस जरी आला तरी मी पाय ठेवणार नाही तिथं." अशी ती हजेरी सुरू झाली.

भाऊजींनी ती मोठ्या इमानानं पाळली. आंघोळ करून, केसाला पाणी लावून, शर्टाचं वरचं बटण लावून यायचे. उंबरा ओलांडायचे नाहीत, तरी चपला बाहेर काढायचे. "वहिनी, घ्या हजेरी." मी वास घ्यायचे, मोबाइल उचलून रेखाला 'नाही' एवढाच एक शब्द पाठवायचे, की काम संपलं. पण भाऊजी हलायचे नाहीत.

"काय भाजी केलीया?"

"वांगं."

"बरं."

कुकरची शिट्टी व्हायची, माझी धांदल. परत म्हणायचे, "वांगं ब्येस." मी वैतागायचे. "भाऊजी, आत तरी या नाहीतर जा तरी! असं दिवेलागणीला दार अडवून उभं राहिलं तर लक्ष्मी काय खिडकीतून येणार आहे?" ते हसायचे आणि जिना चढून जायचे. वर गच्चीवर ती एक खोली, पत्रा तापलेला, आणि आत कुणी नाही. मला कळायला फार दिवस लागले नाहीत. दिवसभरात त्यांच्या इतक्या जवळ येणारं दुसरं कुणी नव्हतं, तेही हुंगण्यापुरतं. म्हणून ते लांबवायचे. वाईट वाटायचं मला, पण पोळी तव्यावर असली की वाईटही उभ्या उभ्याच वाटून घ्यावं लागतं.

"संध्याकाळ लई लांब असती वहिनी," एकदा म्हणाले. "पीत होतो तवा दिसायचीच न्हाई." केंद्रातल्या सेल्वी मॅडमनी सांगितलं होतं, संध्याकाळ रिकामी ठेवू नका. म्हणून भाऊजी मेट्रो स्टेशनजवळच्या एका जिममध्ये जायला लागले. तिथं शिकवणाऱ्याला सगळे 'मास्टर' म्हणत. आधी हजेरी, मग जिम. मला हायसं वाटलं.

आणि मग अंड्यांचं महाभारत झालं. मास्टरनी अंडी खायला सांगितलेली आणि आमची बिल्डिंग मारवाड्याची. कांदा-लसूणसुद्धा आम्ही दार लावून फोडणीला टाकत असू. भाऊजी वर चहाच्या किटलीत अंडी उकडायला लागले. घरमालक सेठजींचं नाक माझ्यापेक्षा तिखट. एका सकाळी काठी टेकत, प्रत्येक मजल्यावर थांबून हवा ओढत ते वर चढले. भाऊजींनी घाईनं उकडलेली अंडी खिशात कोंबली आणि हात जोडून जिन्यात उभे राहिले. हात जोडायला वाकले आणि एक अंडं खिशातून निसटून टप टप करत पायरी पायरी उतरत थेट सेठजींच्या चपलेशी येऊन थांबलं.

"यह क्या है?"

"दवाई है सेठजी," भाऊजी म्हणाले.

मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. सेठजींना भाऊजींची दारू ठाऊक होती. बराच वेळ अंड्याकडे बघून ते म्हणाले, "दवाई बाहर जाके खाओ." त्या दिवसापासून भाऊजी बोळाच्या तोंडाशी असलेल्या गाड्यावर उभे राहून अंडी खायचे. सेठजी अंड्याच्या वासावर टपलेले, मी दारूच्या वासावर. ज्याला कसलाच वास नाही ते मात्र त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या नाकासमोरून जिना चढून वर जात होतं.

भाऊजी भरायला लागले. आधी खांदे, मग मान, मग दंड. शर्ट उसवायला लागले. दारात उभे राहिले की जिन्यातला उजेड आत येईना. आमचे हे तर हरखूनच गेले. आल्यागेल्या गलाईवाल्याला बोलावून दाखवायचे, "बघ, दारू सोडली की माणूस कसा उभा राहतो!" आणि भाऊजींचा दंड चाचपायचे. मलाही कौतुक वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण पाठीवर, मानेवर मोठमोठ्या पुळ्या उठलेल्या, डोळे लाल. मी एकदा विचारलं, "भाऊजी, हे सगळं अंड्यांनीच काय?"

"खुराक, वहिनी. खुराक."

झालं. आमचा मुलूख कुस्तीचा. घरातल्या म्हशीचं दूध पोरांच्या तोंडचं काढून पैलवानाला पाजणारी माणसं आम्ही. खुराक म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

त्या चैत्रात जत्रेला गेलो तर वेशीवरच भलामोठा फ्लेक्स. त्यावर उघडे जालिंदर भाऊजी, दोन्ही दंड फुगवलेले, आणि खाली, 'दारू सोडा, शरीर जोडा. सौजन्य : चेन्नई गलाई मित्रमंडळ.' ही आमच्या ह्यांची करामत. कुस्तीच्या मैदानात भाऊजींना फेटा बांधला, माइकवाला तर घसा फाटेस्तोवर ओरडत होता. म्हातारेकोतारे येऊन दंडाला हात लावून बघत होते. रेखाचे वडील आबा, ज्यांनी जावयाचं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतली होती, त्यांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. आणि स्वरा आली. रेखानं तिला पुढं ढकललं, "जा, पप्पा आहेत." पोर रेखाच्या साडीत शिरली. "हे पप्पा नव्हंत." सगळे हसले. भाऊजीही हसले. मग हळूच त्यांनी शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या उलगडून मनगटापर्यंत खाली केल्या.

जूनमध्ये रेखा लेकीला घेऊन चेन्नईला आली. माझी हजेरी बंद झाली. आता बायकोच घरात, मी कशाला नाक खुपसू?

पहिले काही आठवडे वरून हसण्याचे आवाज यायचे. मग भांडी आपटल्याचे यायला लागले. मग कधी रात्र सरत आली तरी गच्चीवर येरझारा घालणारे जड पाय. भाऊजींना झोप लागत नव्हती. बिजागरीसकट दार उपटून हातात आलं. नळ पिळला तो तुटूनच आला. पिऊनही कुणाला चापट न मारणारा हा माणूस, आता रिक्षावाल्याची कॉलर धरायला लागला होता. आणि एका संध्याकाळी स्वराच्या हातून दूध सांडलं. भाऊजींनी मूठ उगारली आणि तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर हाणली. भिंतीचा गिलावा पोरीच्या केसांत पडला.

रेखा पोरीला घेऊन धावत खाली आली. "वहिनी, वर चला. वास घ्या."

मी गेले. भाऊजी जमिनीवर बसले होते, मुठीतून रक्त. मला बघून त्यांनी आपणहून तोंड वर केलं आणि श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. वास नव्हता. मी दोनदा घेतला, नव्हताच.

"पीत होते तेव्हा कशामुळं असं करतात हे तरी कळायचं," रेखा म्हणाली. "आता वाससुद्धा येत नाही. मग ह्यांना झालंय तरी काय हो?"

दुसऱ्या दिवशी तिनं खोली झाडून काढली. भट्टीत चांदी वितळवताना सवागी टाकतात, त्या सवागीचा एक डबा माळ्यावर होता. भट्टीचा डबा बिऱ्हाडात कशाला म्हणून तिनं उघडला. आत सुया आणि तेलकट औषधाच्या छोट्या बाटल्या. ती बिचारी समजली गर्द आहे. डबा घेऊन माझ्याकडं आली. भाऊजींना समोर बसवलं तर एकदम सरळ म्हणाले, "मास्टर देतो. अंग भरायचं औषध हाय. सगळीच घेत्यात. त्यात लपवण्यासारखं काय?"

"मग लपवलंत कशाला?" मी विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

आम्ही तिघं सेल्वी मॅडमकडे गेलो. पन्नाशीची सावळी बाई, केसात मोगरा, आवाज कधी चढत नाही. डबा बघून तिला नवल वाटलं नाही, तेच मला फार लागलं. तमिळमध्ये म्हणाली, ही स्टिरॉइडची इंजेक्शनं, दारू सोडलेले कितीतरी जण ह्या वाटेनं परत माझ्याकडे येतात. एका मोरीला बोळा घातला तर पाणी दुसरीकडून वाट काढतंच. "अण्णा, आम्ही तुम्हाला दारूचं विचारत राहिलो, ह्याचं विचारलंच नाही."

भाऊजी उसळले. खुर्ची मागं पडली. "नशा होती का ह्यानं? सांगा! झिंग येती? तोल जातो? दारूनं मी आडवा होत होतो, ह्यानं उभा हाय. मग हे व्यसन कसं?"

"सोडून बघितलंत कधी?" मॅडमनी विचारलं.

भाऊजींनी खुर्ची उचलून सरळ केली आणि बसले. मग तमिळ सोडून मराठीत, खाली बघत बोलले. मॅडमना ते कळत नव्हतं, आणि आम्हाला सांगताहेत असंही वाटत नव्हतं. "ती सुटली तवा मी एवढासा उरलो होतो. एवढासा माणूस त्या खोलीत एकटा बसला की भिंती अंगावर येत्यात. मास्टर म्हणला, मोठा हो. झालो मोठा. लोकं हात लावून बघाय लागली. आता तुम्ही म्हणता परत बारीक हो."

मी मॅडमना ते तमिळमध्ये सांगितलं, जमेल तसं. तिनं मान हलवली. डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब चढलेला, यकृताला सूज, काळीजही दमलेलं. डॉक्टर म्हणाले, आपल्या मनानं एकदम काही करू नका, आम्ही सांगू तसं, देखरेखीखाली बंद करायचं. आणि बंद केल्यावर काही महिने मन फार खचेल, तेव्हा एकटं ठेवू नका.

एकटं ठेवू नका! रेखानं ऐकलं. पण भिंतीतला तो खड्डा रोज डोळ्यांसमोर. स्वरा बापाच्या पावलाचा आवाज आला की मोरीत जाऊन बसायची. रेखा परत विट्याला गेली. मी तिला बोल लावला नाही आणि लावू देणारही नाही. जाताना म्हणाली, "सोडलं की कळवा वहिनी."

"कळवू कशी बाई? ह्याला वास नाही."

"मग बघून कळवा."

आणि आमची गलाईमंडळी! आमच्याच घरी चहा पीत बसली आणि काय म्हणावं? "राहू दे की. दारू तर पीत नाही ना? जत्रेत नाव झालंय गड्याचं." आमचे हेही मान डोलवत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे जीव गेला तरी चालेल, फक्त वास येता कामा नये, असंच ना?" कप तसेच उचलून मोरीत नेऊन आपटले. दोन दिवस घरात अबोला.

भाऊजींनी मात्र सोडलं. जिम सोडली, मास्टर सोडला. आणि ते ओसरायला लागले. आधी मान गेली, मग खांदे. भट्टीवर बसायचे, पण वितळलेल्या चांदीकडं बघत राहायचे आणि चांदी थंड व्हायची. जेवण जाईना. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडायचे. परत दारात येऊन उभे राहायला लागले. "नुसताच आलो," म्हणायचे.

एका संध्याकाळी आले ते उंबऱ्यावर बसलेच. "वहिनी, ती परत बोलवाय लागली." हे बाहेरगावी, सेल्वी मॅडमचा फोन लागेना. काय करावं सुचेना, म्हणून मी त्यांच्यापुढं लसणाची अख्खी पिशवी ओतली. "सोला." भाऊजी सोलायला लागले. मी फोन लावत राहिले, ते सोलत राहिले. पाकळी पाकळी. बोटं झोंबायला लागली, डोळ्यांत पाणी, तरी थांबले नाहीत. मॅडमचा फोन लागला, रिक्षा करून ती स्वतः आली, तोवर पातेलं भरलं होतं. बिल्डिंगभर लसणाचा वास. सेठजी वर आले, भाऊजींकडं बघितलं आणि आल्या पावली परत गेले. त्या दिवशी भाऊजी प्यायले नाहीत. त्यानंतरही नाहीत. हे मी माझ्या लेकराबाळांची शपथ घेऊन सांगेन.

पण ऐकायला कोण तयार आहे? बारीक झालेला, गाल बसलेला, हात थरथरणारा जालिंदर लोकांनी पाहिला आणि एकच अर्थ काढला. "परत लागला वाटतं." सौकारपेठेतून ही बातमी विट्याला पोचायला कितीसा वेळ लागणार? दोन व्यसनं सोडून बसलेला माणूस, आणि तालुक्याच्या लेखी दारुडा. दंड होते तेव्हा सुया टोचत होता, तर आदर्श. मला संताप संताप व्हायचा. रेखाला मी फोनवर सांगत होते, सोडलंय, खरंच सोडलंय. ती ऐकून घ्यायची, "हूं" म्हणायची.

भाऊजींनी जत्रेची तयारी केली. गच्चीवरची खोली सोडून चेन्नईतच पेरांबूरला दोन खोल्या घेतल्या. जवळ शाळा, खिडकीत वारा. भिंती रंगवून घेतल्या. आणि सोलापूरहून चेन्नईची परतीची तिकिटं काढली, तीन. आमच्याच डब्यात.

वेशीवर तोच फ्लेक्स, गेल्या वर्षीचा. नवीन कशाला करायचा, म्हणून मंडळानं धुऊन लावला होता. भाऊजी त्याच्याखालून चालत गेले. कुणी ओळखलं नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनी दुसरीकडं बघितलं.

आबांच्या घरी मी मुद्दाम बरोबर गेले. आबा ओट्यावर बसलेले. भाऊजी पाया पडले, आबांनी पाय आखडून घेतले. भाऊजी म्हणाले, "आबा, मी काय घेत न्हाई आता. दारू न्हाई, सुई न्हाई. वास बघा हवा तर."

"वास गेल्या वर्षी पण येत नव्हता," आबा म्हणाले.

मी मध्ये पडले. "आबा, मी सांगते ना. डोळ्यांनी बघितलंय मी."

"तुम्ही गेल्या वर्षी पण सांगितलंवतं, बाई."

रेखा दारात आली होती. स्वरा तिच्यापुढं उभी, बापाकडं टक लावून बघत होती, घाबरलेली वाटत नव्हती. रेखा म्हणाली, "मला खरं वाटतंय तुमचं. अगदी मनापासून वाटतंय. पण मला खरं वाटून पोरीचं भागत नाही. अजून एक वर्ष जाऊ दे."

भाऊजी भांडले नाहीत, हात जोडले नाहीत, पेरांबूरच्या खोल्यांचं तर नावसुद्धा काढलं नाही. "बरं," म्हणाले. पिशवीतून स्वरासाठी आणलेला फ्रॉक काढून ओट्यावर ठेवला. फ्रॉक मापाला लहान होता. पोर वाढली होती, त्यांना अंदाज नव्हता.

त्या उन्हाळ्यात आम्ही भट्टी तिरुचीला हलवली, त्यामुळं पुढं भाऊजींची गाठ पडली नाही. रेखाचं ते एक वर्ष अजून पुरं व्हायचं आहे. मी विचारलं की ती म्हणते, "बघू वहिनी." तेव्हा मला दिसलेले शेवटचे भाऊजी म्हणजे परतीच्या त्या गाडीतले.

सोलापूर सुटल्यावर टीसी आला. भाऊजींनी खिडकीजवळच्या जागेवर चादर अंथरलेली, पाण्याची बाटली ठेवलेली, आणि स्वतः कडेला टेकून बसलेले. टीसीनं विचारलं, "बाकी के दो?"

आमचे हे कुजबुजले, "येतायत म्हण. ऐसपैस झोप, तुझीच जागा आहे."

"नको दादा," भाऊजी म्हणाले, आणि टीसीला सांगितलं, "नहीं आए. किसी को दे दो."

टीसीनं त्या जागा एका तमिळ जोडप्याला दिल्या. त्यांच्याबरोबर एक छोटी मुलगी. भाऊजींनी चादरीची घडी घातली, बाटली उचलली आणि पोरीला खिडकी मोकळी करून दिली. ती लगेच गजांना नाक लावून बसली. तिची आई डबा उघडत होती. तिनं भाऊजींपुढं एक इडली धरली आणि सहज विचारलं, "तनियावा, अण्णा?" एकटेच का, म्हणून.

भाऊजींनी इडली हातात घेतली. मला वाटलं, नुसतीच मान हलवतील.

"आमा," ते म्हणाले. "इप्प तनियादान." हो. सध्या एकटाच.

मग ते ती इडली खायला लागले. हळूहळू, चावून चावून, पूर्ण खाल्ली. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना काहीतरी संपवताना बघत होते. सकाळी पेरांबूरला उतरले. ह्यांनी खिडकीतून हात करायला म्हणून मान बाहेर काढली. प्लॅटफॉर्मवर कामावर निघालेल्या लोकांची झुंबड. "कुठं गेला? दिसत नाही," हे म्हणाले.

"तो काय, निळ्या शर्टातला."

"निळे शर्ट तर सगळ्यांचेच आहेत."

मी बोट दाखवत राहिले आणि गाडी हलली.